मिनिटभर गप्प

हिवाळ्यात जबलपूरला कुणाच्या घरी गेलं तर पायरीवर जरा जपून पाय टाकावा लागतो. मटाराची टरफलं पडलेली असतात, आणि ती ओली असली की केळ्याच्या सालीलाही हार जात नाहीत. पनागरच्या बाजूने शेंगांच्या गोण्या यायला लागल्या की हे शहर दोन महिने दुसरं काही करत नाही, नुसतं सोलतं. अंगणात, गच्चीवर, दुकानाच्या गल्ल्यामागे, जिथे म्हणून ऊन सापडेल तिथे कुणीतरी मांडीवर परात घेऊन बसलेलं असतं. वर्षभराचे दाणे पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये गेले की मग लोक एकमेकांना विचारतात, झाले का तुमचे? जणू मुलीचं लग्नच पार पडलं.

काल सदर बाजारात भाजी आणायला गेलो होतो. भाजीवाल्याच्या मागच्या खांबावर एक पोस्टर चिकटवलं होतं. प्रादेशिक आणि स्वतंत्र सिनेमांचा महोत्सव, सिविल लाइंसमधल्या सभागृहात, पुढच्या आठवड्यात तीन दिवस. स्वतंत्र सिनेमा म्हणजे काय, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. ज्यात नटांचं जेवण दिग्दर्शकाच्या घरून येतं तो स्वतंत्र सिनेमा. खाली बारीक अक्षरांत सिनेमांची नावं होती. चष्मा वर करून मी शोधत गेलो, आणि आमच्या केतकीचा सिनेमा सापडला. अठरा मिनिटं, मराठी.

"कितना तौलूँ, बाबूजी?" भाजीवाल्याने विचारलं.

"पाँच किलो," मी म्हणालो.

पिशवी हातात आल्यावर लक्षात आलं की पाच किलो हे दोघांचं माप. आता सोलायला मी एकटा.

उषा, माझी बायको, इथलीच. तिचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि नर्मदेचं पाणी मानवलं म्हणून राहिले. मी वाईकडचा, फॅक्टरीतल्या नोकरीमुळे आलेला. माझे वडील शाळामास्तर. आमच्या घरी ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर जेवण मिळायचं, पण त्या शब्दाची वही भरल्यावर. फॅक्टरीत मला कामही मिळालं ते तपासणीचं. यंत्रावरून आलेला सुटा भाग गेजमध्ये घालून बघायचा; बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. छत्तीस वर्षं मी हेच केलं. "फॅक्टरी सुटली तरी यांचं गेज खिशातच राहते," असं उषा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि ते खरं होतं.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा मला चांगला आठवतो. मी ड्यूटीवरून आलो तर ही अंगणात पाठमोरी बसलेली. मी विचारलं, काय चाललंय?

"वटाणे सोलून राहिली."

"सोलते आहे," मी म्हणालो.

"तेच तं म्हणून राहिली."

पुढे चाळीसेक हिवाळे आम्ही हाच संवाद थोड्याफार फरकाने म्हटला. मी मटार म्हणायचो, ती घरात वटाणे आणि बाजारात मटर. 'मी गेले होते' असं म्हण, हे मी सांगायचो, ती 'मी गेली होती' म्हणायची. सगळ्यांत जास्त मी ज्याच्यामागे लागलो तो तिचा शब्द म्हणजे 'काहून'. साधा 'का' असताना हे काय? मी म्हणायचो, काहून हा शब्द नाही, तो अपघात आहे. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "तुमचा का म्हणजे कावळा ओरडला. काहून म्हटलं की समोरच्याला समजते, आपल्याला खरंच विचारून राहिले."

हे उत्तर ऐकून मी हसायचो आणि मनात म्हणायचो, पालथ्या घड्यावर पाणी. तिला कधी राग आला का, वाईट वाटलं का, मी विचारलं नाही. ती हसायची म्हणजे ठीकच असणार, असं धरून चाललो.

या गावात मराठी रस्त्यावर नसते. दाराबाहेर पाऊल पडलं की भैया, दीदी, जी सुरू. मराठी राहते ती उंबऱ्याच्या आत, स्वयंपाकघरात, देवापाशी आणि भांडणात. दोनशे वर्षं इथल्या मराठी लोकांनी ती अशी आतल्या आत सांभाळली, हिंदीच्या शेजारात बसून, थोडं त्यांचं घेऊन, थोडं आपलं देऊन. आणि मी कालपरवा आलेला माणूस, ती मोजायला बसलो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तेवढं मला दिसत राहिलं.

पोस्टरवरच्या 'प्रादेशिक' या शब्दाशी मी काल बराच वेळ अडलो होतो. प्रदेश कुठला? उषाचा प्रदेश आमच्या अंगणाएवढा होता. एका टोकाला पेरूचं झाड, दुसऱ्या टोकाला नळ.

केतकी ही उषाच्या भावाची मुलगी. उषाला ती आत्या म्हणते आणि मला आतोबा. जन्म इथला, शाळा हिंदी. मराठी समजते सगळी, बोलताना मात्र ठेचकाळते. दोन वर्षांपूर्वी मटाराच्याच दिवसांत ती कॅमेरा आणि दोन मैत्रिणी घेऊन आली. सिनेमात फारसं काही घडायचं नव्हतं. एक बाई दुपारभर शेंगा सोलते आणि दूर गावी राहणाऱ्या मुलीशी फोनवर बोलते. भाजीचं सांगते, शेजारचं सांगते, गुडघ्याचं सांगते, फक्त घर खायला उठतं एवढं सांगत नाही. संवाद लिहिलेले नव्हते. केतकी म्हणाली, "आत्या, तू बस इथे, और जे मनात येईल ते बोल. बस."

"फोनवर कोणी नाही तरी बोलू?"

"हो नं."

"चलो," म्हणून उषाने परात ओढली.

तीन दिवस ती बोलली. मला कॅमेऱ्यात न येणाऱ्या कोपऱ्यात बसायला वेताचा मोढा दिला होता. मी बघत होतो. मला वाटलं होतं ही लाजेल, पण ती अशी बोलली की पलीकडे खरंच कुणी आहे की काय म्हणून मीच फोनकडे बघितलं. आम्हाला मूल नाही. ज्या मुलीशी ती बोलत होती ती तिने कुठून आणली, हे मला तेव्हाही विचारावंसं वाटलं होतं. एकदा ऊन सरकलं म्हणून केतकी म्हणाली, आत्या, मघाचंच पुन्हा कर. उषा म्हणाली, "सोललेल्या शेंगा पुन्हा कशा सोलू, बाप्पा?" सगळे हसले. रोज शूटिंग संपलं की त्याच दाण्यांच्या कचोऱ्या व्हायच्या, आणि कॅमेऱ्याला तेलाचे हात लागू नयेत म्हणून मुलींची धावपळ व्हायची.

शेवटच्या दिवशी केतकीने सगळ्यांना मिनिटभर गप्प बसायला सांगितलं. रिकाम्या अंगणाचा आवाज घ्यायचा होता.

"रिकाम्या अंगणाचा काय आवाज राहते?" उषाने विचारलं.

"आत्या, हर जागे की अपनी खामोशी असते. नंतर बोलण्याच्या मध्ये-मध्ये ती भरावी लागते."

उषाला हे फार आवडलं. पुढे किती दिवस ती शेजारणींना सांगत होती की सिनेमात गप्प बसणंसुद्धा भरावं लागते. त्या मिनिटात कुणीतरी बोललं आणि ते पुन्हा घ्यावं लागलं, एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं.

मग केतकी एके दिवशी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. "आतोबा, मराठीचं जरा चेक करून द्याल? बाहेर पाठवायचं आहे. गलती नको."

निवृत्त तपासनिसाला याहून मोठं आमंत्रण कुठलं? तीन सकाळी मी कानाला हेडफोनचं यंत्र लावून बसलो. लाल पेन्सिल टोकदार केली. एकेक वाक्य थांबवून लिहून काढलं आणि समोर शुद्ध रूप लिहिलं. चार ताव भरले. केतकी ते बघून घाबरली. एवढं सगळं चूक असेल असं तिला वाटलं नव्हतं. त्यात शेजारच्या पंपाची घरघर काही ठिकाणी आली होती, म्हणून ठरलं की सगळं बोलणं नव्याने भरून घ्यायचं.

तिच्या मैत्रिणीच्या घरी एका खोलीत भिंतींना गाद्या टेकवून ठेवल्या होत्या. उषा मध्ये स्टुलावर. समोर पडद्यावर तीच, शेंगा सोलणारी. हातात माझे ताव. शेजारी मी. पडद्यावरची बाई ओठ हलवायची आणि स्टुलावरची बाई माझं वाक्य वाचायची. जमत नव्हतं. 'काहून गं, जेवली नाही?' च्या जागी 'का गं, जेवली नाहीस?' हे म्हणताना ती पाचसहा वेळा अडखळली. घाम पुसला, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "माझंच बोलणं मला पाठ करावं लागून राहिलं."

"लागतं आहे," मी म्हणालो.

खरंच म्हणालो. गाद्यांच्या त्या खोलीत माझा आवाज जरा जास्तच स्पष्ट ऐकू आला असणार, कारण केतकीने मान खाली घातली. उषा माझ्याकडे बघून हसली, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत सगळं झालं. एकही 'काहून' राहिला नाही, एकही 'राहिली' राहिली नाही. सगळं गेजमध्ये घट्ट बसलं. घरी येताना मी खूश होतो.

तयार सिनेमा आम्ही केतकीच्या घरी बघितला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उषा पडद्याकडे बघतच होती. मग म्हणाली, "छान बोलते ही बाई. कोण आहे?"

सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

उषा गेल्या श्रावणात गेली. सकाळी चहा टाकला, "पाणी जास्त झालं वाटते" म्हणाली, आणि ओट्याला धरून खाली बसली. पुढचं सगळं अर्ध्या तासात झालं. त्या वाक्यातही दुरुस्त करण्यासारखं होतं. तेवढं एक मी सोडून दिलं होतं, पेपर वाचत होतो म्हणून.

त्यानंतर घरात जी शांतता आली तिच्यात मी तिचा आवाज शोधायला लागलो. माणसाचा चेहरा फोटोत सापडतो. आवाजाचं तसं नाही. आज कान देऊन ऐकू म्हटलं तर तो येतो, पण रोज जरा लांबून. लोक म्हणतात, फोनमध्ये असेल ना काहीतरी. नाही. फोन नवीन घेतला तेव्हा तिने मला एकच बोललेला निरोप पाठवला होता, "भाजी आणून ठेवली, मी मंदिरात जाऊन राहिली." त्याला मी उत्तर लिहिलं होतं, 'जाते आहे'. तो निरोप जुन्या फोनबरोबर गेला, आणि नंतर तिने पाठवली ती फक्त फुलं आणि जोडलेले हात. त्यात चूक काढता येत नाही. लग्नांच्या चित्रफितींत ती आहे, पण तिथे बँड वाजतो आहे.

उरला तो केतकीचा सिनेमा. तो मी दिवाळीत लावला आणि दोन मिनिटांत बंद केला. चेहरा तिचा, हात तिचे, अंगठ्याने शेंग दाबून फोडण्याची लकब तिची, आणि त्या तोंडातून बोलत होतो मी. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. चाळीस वर्षं तिला जे शिकवू शकलो नाही ते एका दिवसात करून घेतलं होतं, आणि तेवढंच शिल्लक राहिलं होतं.

सिनेमा महोत्सवात निवडला गेल्याचं सांगायला केतकी आली, त्याला आता दहा दिवस होतील. पेढे घेऊन आली होती. मी तिला अंगणात बसवलं आणि आधी विचारलं, "पहिलं रेकॉर्डिंग कुठे आहे? अंगणातलं?"

तिने पेढ्यांचा डबा खाली ठेवला.

"आतोबा, वो तो उडवून टाकलं. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती. डबिंग झालं होतं नं, तर मला वाटलं..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला काय माहीत होतं, आत्या अशी..."

तिची चूक नव्हती. रद्द झालेला माल कुणी जपून ठेवत नाही, आणि तो रद्द मीच केला होता. हे मी तिला सांगितलं. पण माझं तेवढ्यावर भागलं नाही. मी म्हणालो, हा सिनेमा तू दाखवू नकोस.

"काहून?" ती म्हणाली.

तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आत्याकडूनच आला असणार. मला पुढचं बोलता आलं नाही, म्हणून मी चिडलो. म्हणालो, ती बाई तुझी आत्या नाही. त्या सभागृहात दोनशे लोक बसून एक खोटा आवाज ऐकतील आणि म्हणतील, वा, काय शुद्ध मराठी.

"पण आत्याला पाहतील तरी, आतोबा," ती म्हणाली. "मी दुसरं काय दाखवू? माझ्याकडे पण तेवढंच आहे."

पेढ्यांचा डबा तसाच ठेवून ती गेली. वरातीमागून घोडं नाचवायला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा मी पेरूखाली बसून राहिलो. एवढ्या वर्षांत माणसांच्या बोलण्यातलं चुकलेलं मला लगेच कळायचं. माझं काय चुकलं हे कळायला एक माणूस जावं लागलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती परत आली. बसलीसुद्धा नाही. लॅपटॉप उघडला, कानाचं यंत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "एक फाइल राहिली होती. खामोशीवाली. ती उडवता येत नव्हती, पूर्ण पिक्चरच्या खाली तीच लावली आहे. पण त्या फाइलमध्ये दोन्ही वेळचं आहे, पिक्चरमध्ये दुसरी वेळ घेतली. ही पहिली. जी बिगडली होती."

मी यंत्र कानाला लावलं आणि डोळे मिटले.

आधी काहीच नाही. मग हळूहळू आमचं अंगण यायला लागलं. पेरूवरचा बुलबुल. नळाचं थेंबथेंब पाणी, जे मी अजून दुरुस्त केलेलं नाही. लांब कुणीतरी गाडी सुरू करत होतं. आणि मध्येच टप्, टप्टप्. परातीत दाणे. सगळ्यांना गप्प बसवलं होतं, पण उषाचे हात गप्प बसले नव्हते. ते ऐकताना मला पुढे काय येणार याची कल्पना नव्हती. मला तेवढंच पुरेसं वाटत होतं.

मग ती अगदी जवळून बोलली. "काहून गप बसून राहिले सगळे?"

"आत्या!" केतकी ओरडली, आणि मुली फिसकन हसल्या. आणि त्या हसण्यावर पाय देऊन एक कोरडा, जाड आवाज आला. "काहून नाही. का."

मी यंत्र काढून टाकणार होतो. तिच्या अख्ख्या आयुष्यातलं एक वाक्य उरलं होतं, आणि त्याच्या शेपटीवर मी बसलो होतो. पण केतकीने माझा हात धरला आणि मान हलवली, थांबा म्हणून.

"हो, हो," उषाचा आवाज आला, हसण्याने भरलेला. "का! का! का!" कावळा झाली होती ती. अगदी हुबेहूब, मान वाकडी करून, असणारच. मुली खिदळत होत्या. आणि त्या गोंगाटात तो जाड आवाजही हसत होता. चांगला पोटातून हसत होता. तो मी होतो.

मला रडू आलं ते कुणाला न दाखवण्यासारखं आलं. केतकी परात उचलून नळाशी गेली आणि उगाचच ती धुवत बसली.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आतोबा, हे मी शेवटी लावू? पिक्चर संपल्यावर, काळ्या पडद्यावर? आणि तुमचा आवाज कापता येतो. मधला. मी करून पाहिलं."

"नको," मी म्हणालो. "मग ती कावळा कुणाला करून दाखवते आहे, ते कुणाला कळणार नाही."

तर पुढच्या आठवड्यात सिविल लाइंसमधल्या त्या सभागृहात अठरा मिनिटं एक बाई शुद्ध मराठीत बोलेल. ती कोण आहे, मला ठाऊक नाही. मी तिसऱ्या रांगेत बसेन, केतकीने खुर्ची धरून ठेवते म्हणून सांगितलं आहे. मग पडदा काळा होईल. लोकांना वाटेल संपलं, कुणी चपला शोधेल. आणि अंधारात माझी बायको विचारेल. सगळ्यांच्या देखत मी तिची चूक काढेन, आणि सगळ्यांच्या देखत ती माझा कावळा करेल. माझ्या ओळखीचेही चार लोक असतील. असू देत.

आज दुपारी ते पाच किलो घेऊन अंगणात बसलो. माझ्या हाताला वेग नाही, निम्मे दाणे परातीबाहेर जातात. केतकीने ते मिनिट माझ्या फोनमध्ये घालून दिलं आहे. फोन परातीच्या काठाशी ठेवून ते लावलं. आतला बुलबुल आणि झाडावरचा बुलबुल यांतला कुठला खरा ते कळेना. माझे दाणे पडत होते, तिचेही पडत होते.

"काहून गप बसून राहिले सगळे?" तिने विचारलं.

माझा तो आवाज यायच्या आत मी फोन थांबवला. इतकी वर्षं तिने मला खरंच विचारलं होतं, आणि मी एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

"काही नाही गं," मी म्हणालो. "ऐकून राहिलो."